टायरला बांधून एक गोळी झाडली म्हणजे रायफल तपासून झाली?

"जुनी लष्करी रायफल घेतलीत? टायरला बांधा, चापाला दोरी लावा, लांबून एक गोळी झाडा. फुटली नाही तर बिनधास्त वापरा. नंबर जुळतात आणि नळी चकचकीत आहे, मग प्रश्नच नाही." हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. आता तो अमेरिकेतल्या माझ्या भाच्यापर्यंत पोचलाय, आणि त्याच्याकडे पहिल्या महायुद्धाआधीची स्प्रिंगफील्ड १९०३ आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

याच रायफलीचं बघा. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ क्रमांकाच्या आतल्या रायफलींचे रिसीव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो पोलादी सांगाडा) घडवताना पोलाद किती तापलं हे कारागीर रंगावरून ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तो रंग फिका दिसायचा आणि पोलाद ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापायचं. काही रिसीव्हर त्यामुळे ठिसूळ झाले. १९१८ मध्ये पद्धत बदलली. फुटलेल्या रिसीव्हरांची नोंद ज्युलियन हॅचर या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने तपशीलवार करून ठेवली आहे. आणि या सगळ्या रायफली कारखान्यातून निघताना जादा दाबाच्या प्रूफ काडतुसाने तपासलेल्या होत्या! त्या चाचणीत टिकलेलं पोलाद पुढे सैनिकाच्या तोंडासमोर फुटलं. साध्या काडतुसाची एक गोळी त्याहून जास्त काय सिद्ध करणार?

दोरीमुळे त्या एका गोळीपुरता माणूस लांब राहतो, हे मान्य. पण हे तपासणीनंतरचं काम आहे, तपासणीऐवजी करायचं नाही.

आधी हेडस्पेस मोजायचा, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत) जिथे टेकतं तिथून ते मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या तोंडापर्यंतचं अंतर. ते वाढलं की काडतुसाची केस, म्हणजे धातूचं आवरण, ताणली जाते, बुडाजवळ फाटते आणि तापलेला वायू मागे येतो. त्यासाठी गो आणि नो-गो गेज असतात (चेंबरमध्ये घालायची मापं; बोल्ट गोवर बंद व्हायला हवा, नो-गोवर नाही), ते जाणकार गनस्मिथकडून लावून घ्यावेत. झाडलेल्या केसच्या बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं तर तिथेच थांबायचं. टायरवाल्या सल्ल्यात झाडलेली केस उचलून बघा, एवढंही कुणी सांगत नाही.

जुळणारे नंबर चांगलेच, पण ते नंतरही ठोकता येतात, आणि झीज नंबर बघून होत नाही. चकचकीत नळीवरून रिसीव्हरच्या पोलादाबद्दल काहीच कळत नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलंय: आधी क्रमांक बघ. वरच्या आकड्यांच्या आत असेल तर गेजचीही गरज नाही, ती झाडायचीच नाही. जुन्या लष्करी रायफली विकणारी अमेरिकेतली संस्था, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, हीसुद्धा हेच सांगते.