दर वाढवणारी बँकच वाचवायला धावते तेव्हा

परवा एका मित्राशी चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं, "मध्यवर्ती बँक (आपल्याकडे रिझर्व्ह बँक) म्हणजे आधी आग लावायची आणि मग आपणच बंब घेऊन धावायचं." वाक्य टाळ्या घेणारं आहे आणि अर्धं खरंही आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ही पोस्ट. लांबली आहे, आधीच सांगतो.

त्याच्या डोक्यात होता २०२२चा सप्टेंबर. २२ तारखेला बँक ऑफ इंग्लंडने, म्हणजे ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेने, महागाई आवरायला व्याजदर २.२५ टक्क्यांवर नेला आणि आपल्याकडचे सरकारी रोखे (सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद) विकायला काढणार असंही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सरकारने उसनवारीवर करकपात करणारं मिनी-बजेट मांडलं आणि रोख्यांचे भाव गडगडले. २८ तारखेला हीच बँक सरकारी रोखे विकत घ्यायला बाजारात उतरली. सहा दिवसांपूर्वी विकायचं म्हणत होती, आता घ्यायला उभी!

वेड लागलं होतं का? नाही. तिथल्या पेन्शन फंडांनी रोखे तारण ठेवून पैसे उचलले होते. तारणाचा भाव पडला की सावकार म्हणतो, आणखी तारण आणा. त्यासाठी रोकड हवी, रोकडीसाठी रोखेच विकायचे, आणि सगळे एकदम विकायला आले की भाव आणखी पडतो. मग पुन्हा सावकाराचा फोन. हे चक्र आपोआप थांबत नाही. ज्याला भाव पडला तरी फरक पडत नाही असा कुणीतरी खरेदीदार मध्ये उभा राहावा लागतो, आणि तसा एकच असतो, कारण पैसा तोच निर्माण करतो.

आता "आग लावली" या आरोपाकडे येतो. व्याजदर वाढवणं हे सुखाचं काम नाहीच. कर्ज महाग होतं, नवा कारखाना पुढे ढकलला जातो, घराची खरेदी लांबते, मागणी थंडावते आणि मग कुठे भाव वाढायचे थांबतात. या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, म्हणजे गव्हर्नर आज निर्णय घेतो तो पुढच्या वर्षीच्या महागाईसाठी, आणि शिव्या मात्र आजच्या महागाईबद्दल खातो. अमेरिकेची मध्यवर्ती बँक म्हणजे फेडरल रिझर्व्ह, थोडक्यात फेड. तिचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी १९७९ नंतर दर इतके ताणले की १९८१मध्ये ते १९ टक्क्यांच्याही वर गेले. घरं बांधणाऱ्यांनी फेडरल रिझर्व्हला पोस्टाने लाकडाचे तुकडे पाठवले. घरंच विकली जात नाहीत, या फळ्यांचं करायचं काय? शेतकरी ट्रॅक्टर घेऊन फेडच्या इमारतीपाशी धडकले. १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोचली. महागाई मात्र १९८०च्या साडेतेरा टक्क्यांवरून १९८३मध्ये तीनच्या आसपास आली. ही किंमत रास्त होती का, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. माझं मत, होती. पण ज्याची नोकरी गेली त्याच्यासमोर मी हे मोठ्याने म्हणणार नाही.

दर वाढले की आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा तुमच्याकडे शंभराचा रोखा आहे, वर्षाला २ देणारा. उद्या बाजारात शंभराचाच नवा रोखा ५ देणारा आला. तुमचा जुना शंभराला कोण घेईल? कुणी नाही. तो ८०-८५ला विकावा लागेल. मुदत संपेपर्यंत धरून बसलात तर शंभर मिळतील, तोटा दिसणारही नाही. पण मध्येच विकायची वेळ आली तर संपलंच.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेवर नेमकी हीच वेळ आली. व्याजदर तळाला असताना तिने ठेवीदारांच्या पैशातून ढिगाने लांब मुदतीचे रोखे घेतले होते. मार्च २०२२मध्ये शून्याजवळ असलेला फेडचा दर वर्षभरात साडेचारच्या वर गेला. ८ मार्च २०२३ला बँकेने रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढले. एका दिवसात! २००७मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात निदान रांगा तरी दिसल्या होत्या, इथे लोकांनी बसल्या जागी बटण दाबलं. १० तारखेला बँक बंद.

अशा वेळी काय करायचं, याचं उत्तर फार जुनं आहे. १८६६मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी बुडाली आणि सगळ्या शहराची पत हादरली. ते पाहिलेल्या वॉल्टर बॅजट या संपादकाने पुढे जे मांडलं त्याचं सार असं: घबराट पसरली की मध्यवर्ती बँकेने हात न आखडता कर्ज द्यावं, पण चांगल्या तारणावर आणि चढ्या व्याजाने. यातला 'पण' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे मालमत्ता आहे, फक्त आज रोकड नाही, त्याला वाचवा. जो आतून पोकळ झालाय त्याला जाऊ द्या. आणि वाचवाल त्याला इतकं महाग पडू द्या की संकट सरल्यावर तो स्वतःहून कर्ज फेडून पळेल.

म्हणून माझं भांडण मदतीशी नाही, मदतीच्या दराशी आहे. बँक ऑफ इंग्लंडने त्या रोखेखरेदीसाठी १४ ऑक्टोबर ही अखेरची तारीख आधीच सांगितली आणि ती पाळली. पेन्शन फंडांनी मुदतवाढीसाठी कुरकूर केली तरी गव्हर्नर बधले नाहीत. ६५ अब्ज पाउंडांपर्यंत खरेदीची तयारी दाखवली होती, प्रत्यक्षात १९.३ अब्जांचे रोखे घेतले आणि न पटणाऱ्या भावाचे देकार चक्क नाकारले. जानेवारी उजाडल्यावर काही दिवसांतच ते सगळे विकूनही टाकले. व्याजदर या काळात वाढतच होता.

फेडने १२ मार्च २०२३ला बँकांसाठी जी कर्जयोजना काढली तिची तऱ्हा वेगळी. तारण ठेवलेला रोखा बाजारात ८५चा असला तरी तो पूर्ण शंभराचा धरून वर्षभरासाठी कर्ज. मित्र म्हणतो, घर जळत असताना भाव काय करायचा? पहिल्या आठवड्यापुरतं मला पटतं. शिवाय फेडने २२ मार्चला पाव टक्का दर वाढवून महागाईकडे पाठ फिरवली नाही, हेही मान्य. पण योजना वर्षभर उघडी ठेवली. आणि सिलिकॉन व्हॅली बँकेवर देखरेख करणारे फेडचेच लोक आधी काय करत होते? फेडच्याच एप्रिलमधल्या अहवालाने कबूल केलं की धोके पुरते ओळखले गेले नाहीत, आणि ओळखले तेव्हा पावलं पुरेशी झपाझप उचलली गेली नाहीत.

२०२३ सरता सरता त्या योजनेचा दर इतका स्वस्त झाला की बँका फेडकडून कर्ज घ्यायच्या, तेच पैसे फेडकडेच ठेवायच्या आणि मधला फरक खिशात घालायच्या. कसलं संकट आणि कसलं काय! शेवटी २४ जानेवारी २०२४ला फेडला दर बदलून ही पळवाट बुजवावी लागली. मित्राला हे पाठवलंय. निळ्या टिका झाल्यात, उत्तर अजून नाही.