ब्लॉसमला बांबू

"ओ भाऊ, जरा बाजूला सरका. फ्रेममधी यायलाव."

हे मला छत्रपती संभाजीनगरातल्या एका सार्वजनिक रस्त्यावर, करदात्यांच्या फुटपाथवर, गाडी लावायचे वीस रुपये मोजून ऐकून घ्यावं लागलं. वीस रुपयांची रीतसर पावतीही मिळाली. तिच्यावर 'जनावरांचा बाजार, प्रति नग' असं छापलेलं होतं.

कुणीतरी रील टाकली होती: 'जपानला कशाला जाता? आपल्या शहरात चेरी ब्लॉसम फुललंय!' झालं. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, भेळ, कुल्फी आणि भर दुपारी बारा वाजता आलेली जनता. फिकट गुलाबी फूल बघायचं तर सकाळी नऊच्या आत, ऊन तिरपं असताना बघावं. डोक्यावर सूर्य आला की तोच गुलाबी रंग पांढराफटक दिसतो. मग मंडळी मोबाईलमध्ये फिल्टर लावून तो परत गुलाबी करून घेतात आणि घरी जातात.

आणि झाड कुठलं? उंदीरमारी! कृषी खात्याच्या पत्रकात गिरिपुष्प, शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया सेपियम. मूळ मध्य अमेरिकेकडचं, बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात ते. बी आणि साल उंदरांना विषारी. चेरी ही बदाम, सफरचंद आणि गुलाबाच्या कुळातली, उंदीरमारी तूर-हरभऱ्याच्या. सोयरीक काढायचीच तर पळसाशी निघेल, जपानशी कशी निघणार?

ओळखायला अक्कल लागत नाही, फूल तळहातावर घ्यावं लागतं, एवढंच. चेरीच्या साध्या फुलाला पाच सारख्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला बारीकशी खाच, आणि खोडावर आडव्या रेघा. उंदीरमारीचं फूल वाटाण्याच्या घाटाचं: एक मोठी पाकळी मागे वळलेली, तिच्या बुडाशी पिवळसर डाग, दोन बाजूंना दोन पंख, खाली होडी. पानं असती तर प्रश्नच मिटला असता, कारण एका देठावर समोरासमोर सात ते सतरा पानोळ्या आणि टोकाला एकटी एक, असं चेरीचं पान नसतंच. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये हे झाड पानं टाकून देतं आणि नुसत्या फांद्यांवर फुलतं. सगळा घोळ तिथंच होतो. (मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्ग गुलाबी होतो ते तिसरंच झाड, टॅबेबुया. त्याचं फूल मोठं, कर्ण्याच्या आकाराचं. त्यालाही बिचाऱ्याला चेरीच म्हणतात.)

तर मला बाजूला सरकवणारे काका. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर गॉगल आणि हातात चिंचा पाडायचा बांबू. क्रूझरमधून सगळं खानदान उतरवलेलं. झाडाखाली नवी सून हात पसरून उभी, मुलगा मोबाईल आडवा धरून उकिडवा बसलेला, आणि काका दिग्दर्शक.

"सूनबाई, वर बघा. आता पाऊस पडंल. पडला की गोल फिरायचं. बंड्या, चालू कर!"

आणि काकांनी ब्लॉसमला बांबू हाणला.

पडलं काय? दोन-चार अख्खी फुलं टपकन, मूठभर कळ्या, मागच्या साली फुटलेल्या शेंगांची पिळवटलेली टरफलं आणि मुंगळे. शिवाय कोवळ्या फांद्यांवरचा काळा मावा. तो चिकट असतो आणि पैठणीवरून निघत नाही. सूनबाई गोल फिरल्या, पण वेगळ्या कारणानं.

"कट! पुन्यांदा!"

मला राहवेना. "काका, ह्याचा पाऊस पडत नसतो."

"जपानमधी तर पडायलाय. बघितलाय मी, ह्या मोबाईलवर."

"त्या फुलाच्या पाकळ्या सुट्या सुट्या गळतात, म्हणून वाऱ्यावर उडतात. ह्याचं फूल अख्खंच खाली येतं. आणि बांबूनं फांदी सोलवटतेय."

काकांनी गॉगल काढला. "तुम्ही वनखात्यात हाव का?"

"नाही."

"महापालिकेत?"

"नाही."

"मग?"

ह्या 'मग?'ला मराठवाड्यात उत्तर नाही. खुर्ची असेल तर माणूस बरोबर. नसेल तर फ्रेममध्ये येतो.

जपानात हे काम हवामान खात्याकडे आहे. प्रत्येक ठिकाणी एक नेमलेलं झाड; टोकियोचं यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमललेली अधिकाऱ्यानं डोळ्यांनी मोजली की 'बहर सुरू', आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की 'पूर्ण बहर'. आमच्याकडे तेच जाहीर करायला बैलबाजाराचं पावतीपुस्तक घेतलेला पोरगा. तिथली बरीचशी झाडं सोमेई योशिनो ह्या एकाच जातीची आणि कलमांवर वाढवलेली. म्हणजे सगळी एकाच झाडाच्या नकला, म्हणून गावभर एकदम फुलतात आणि एकदम झडतात. आणि फांदीला हात? तिथं म्हणच आहे: चेरी छाटतो तो मूर्ख, आलुबुखाराच्या कुळातली उमे छाटत नाही तोही मूर्ख. चेरीच्या कापलेल्या फांदीची जखम लवकर भरत नाही, कूज आत शिरते. बांबूबद्दल म्हण नाही. त्यांना सुचलंच नसणार.

ह्याहून संताप येतो तो 'चेरी ब्लॉसमची रोपं, घरपोच' विकणाऱ्यांचा. ह्या झाडाची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते आणि झोपी जाते. तिला जागं करायला शेकडो तासांची थंडी लागते, साधारण शून्य ते सात अंशांतली. आपल्याकडे पौषात पहाटे पारा दहाला टेकला तरी दुपारी तीस. कळीला कळतच नाही हिवाळा येऊन गेला की नाही ते. त्यात आपली चुनखडीची काळी जमीन: लोह उचललं जात नाही, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग विकणारा सांगतो, 'खत कमी पडलं, साहेब', आणि खताची पिशवीही विकतो. शिलाँगला नोव्हेंबरात चेरी फुलते, पण ती हिमालयातली जात आणि ती डोंगरावरची हवा. जालना रोडवरच्या गॅलरीत कुंडी ठेवून शिलाँग होत नाही.

एवढ्यात काका स्वतःच जवळ आले. "ह्याचं रोप कुठं मिळंल हो?"

"रोप नको, फांदी पुरते. अंगठ्यापेक्षा जाड, वर्षभराची जून फांदी घ्या, मीटर-दीड मीटर लांब. खालचं टोक तिरकं कापा आणि पहिल्या पावसानंतर हातभर खोल रोवा. कोवळी घेतली तर कुजते, उलटी रोवली तर फुटत नाही. लागली की दरवर्षी छाटून पाला शेतात गाडायचा, नत्र मिळतं. शेळ्याही खातात."

काका थबकले. बांबू खाली टेकवला. "म्हंजे... ते बांधावरचं? ते तर आमच्या विहिरीपाशी शंभर हायेत!"

"तेच हे."

"छ्या!" काकांनी झाडाकडे पाहिलं, पोस्टर लावलेल्या भेळेच्या गाडीकडे पाहिलं, आणि निकाल दिला. "तिथं ब्लॉसम नसतंय. तिथं नुसती फुलं येत्यात."

मी म्हटलं, "मग जाताना पळस तरी बघा. कन्नडकडून गौताळ्याला वळलात तर डोंगर पेटल्यासारखा दिसेल, आणि पार्किंगला कुणी नसतं."

"पळसाला पानं तीनच. त्यात काय बघायचं?"

"ह्या दिवसांत तीही नसतात, काका. नुसती फुलं. मैना, सूर्यपक्षी, खारी मध प्यायला येतात. खाली पडलेली वेचा, झाड झोडपू नका. दोन ओंजळी फुलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळी काढून गाळा. रंगपंचमीला पिवळा रंग तयार. केशरी गडद हवा असेल तर चिमूटभर चुना घाला. जास्त झाला तर अंगाला चुणचुणतो."

चुना म्हटल्याबरोबर काकांचा हात खिशात गेला. डबी निघाली. "किती, एवढा?" म्हणून त्यांनी नखावर चुना घेऊन मला दाखवला. मी मान डोलावली. काकांनी तो तळहातावर घेतला, त्यावर तंबाखू टाकली आणि अंगठ्यानं मळत बंड्याला म्हणाले, "तू शूटिंग थांबवू नको. ह्या साहेबांचंबी थोडं घे. जपानची माहिती हाय त्यांना."