रिक स्प्रिंगफील्ड आधी गिटारवालाच

तुमच्या लेखात ऑस्ट्रेलियन गायक रिक स्प्रिंगफील्डला 'मालिकेतून गाण्यात आलेला नट' म्हटलंय, ते मनाला लागलं. अहो, उलट आहे! ऑस्ट्रेलियात 'झूट' बँडमध्ये तो साठच्या दशकाच्या शेवटापासून गिटार वाजवत होता. १९७२ मध्ये अमेरिकेत त्याचं एक गाणं गाजलंही, पण पुढची कित्येक वर्षं फारसं काही हाती लागलं नाही. १९८१ मध्ये 'जनरल हॉस्पिटल' या अमेरिकन टीव्ही मालिकेत तो डॉ. नोआ ड्रेक झाला. 'वर्किंग क्लास डॉग' हा नवा अल्बम चालेल याची खात्री नव्हती, म्हणून ते काम धरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या अल्बममधलं 'जेसीज गर्ल' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढे ग्रॅमीही मिळालं. मालिकेचा हातभार लागला, नाही कसं म्हणू? पण त्या गाण्याची सुरुवात एकदा हेडफोन लावून ऐका. तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेली ती दबकी गिटार! मी स्वतः वाजवतो, दोन महिने घासूनही ते वजन माझ्या हातात आलं नाही. 'वर्किंग क्लास डॉग'च्या कव्हरवर शर्ट-टाय घातलेला त्याचा कुत्रा आहे. लेखासोबत डॉक्टरच्या कोटातल्या फोटोऐवजी ते कव्हर लावायला हवं होतं.