तांदळाच्या डब्यातला मोबाइल

गेल्या आठवड्यात रत्नागिरीजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीचा मोबाइल पन्हळीखाली लावलेल्या बादलीत पडला. तिने तो लगेच बाहेर काढला, पदराने पुसला आणि पडदा उजळलेला पाहून तिच्या जिवात जीव आला. इथपर्यंत फारसे काही बिघडले नव्हते. बिघडले ते पुढच्या अर्ध्या तासात, कारण ‘पावसाळ्यात मोबाइल भिजला? घाबरू नका! सर्व्हिस सेंटरवाले कधीच सांगणार नाहीत असे ७ घरगुती उपाय’ हा संदेश आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच दिवसांपूर्वी कोणीतरी पुढे ढकलला होता. मावशीने तो काढला आणि त्यातले उपाय वैद्याने लिहून दिल्यासारखे क्रमाने केले. हाच संदेश मलाही तीन ग्रुपवर आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता सोडून दिला होता, एवढी चूक माझ्याही पदरात आहे.

संदेशात सांगितलेले थोडक्यात असे. फोन बंद न करता लगेच चार्जिंगला लावावा, म्हणजे आतल्या उष्णतेने पाणी उडून जाते. तरीही ओल राहिली तर हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी, किंवा तवा तापवून गॅस बंद करावा आणि त्यावर रुमालात गुंडाळलेला फोन ठेवावा. चार्जिंगच्या भोकात कान साफ करायची कापसाची काडी फिरवावी. मग फोन चोवीस तास तांदळात पुरून ठेवावा. स्पीकरमधले पाणी काढायला यूट्यूबवरचा खास आवाज लावावा. फोन आयपी६८ (पाणी आणि धुळीपासूनच्या संरक्षणाचा दर्जा) असेल तर यातले काहीच करायला नको, कारण तो वॉटरप्रूफ असतो आणि समुद्राच्या पाण्यातही चालतो. शेवटी, दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच तर तो भिजल्याचे कोणाला सांगू नये.

पहिल्या उपायाबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सातांमध्ये सर्वांत जास्त नुकसान तोच करतो आणि वाचताना तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. चार्जिंगला लावलेला फोन गरम होतो, उष्णतेने पाणी सुकते, म्हणून फोन सुकेल, असा त्यामागचा हिशेब आहे. या हिशेबात वीज कुठेच धरलेली नाही. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, परंतु घरात, अंगणात किंवा रस्त्यावर फोन ज्या पाण्यात पडतो ते कधीच शुद्ध नसते. पन्हळीचे पाणी कौलांवरची धूळ, शेवाळ आणि पाखरांची घाण घेऊन उतरते, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात, घामात तर मीठच असते. असे पाणी मोबाइलच्या बोर्डावर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर, पोहोचले आणि त्याच वेळी बोर्डावर वीज खेळत असली, की एकमेकांपासून मिलिमीटरच्या काही अंशाएवढ्या अंतरावर असलेल्या दोन जोडांमध्ये ते पाणी वाट तयार करते. एका जोडावरचे तांबे त्यात विरघळू लागते आणि दुसऱ्या जोडाकडे बारीक धाग्यासारखे साठत जाते. कधी तो धागा पलीकडे टेकून तिथेच शॉर्ट होतो, तर कधी महिन्याभराने फोन उघडल्यावर हिरवट-पांढरा थर दिसतो आणि ‘काल तर चांगला चालत होता’ असे ऐकू येते. पाणी एकटे असते तर हे काम सावकाश चालले असते; विजेच्या जोडीने ते मिनिटांत होते. भिजलेला फोन ताबडतोब बंद करायचा तो याच कारणाने, आणि ‘बंद करू नका, चार्जिंगला लावा’ हा सल्ला म्हणजे नेमके त्याच्या उलट वागणे आहे.

त्यातही चार्जिंगचे भोक ही सर्वांत वाईट जागा. तिथल्या पिना उघड्या असतात, पाणी तिथे थेंबाने टिकून राहते आणि चार्जर जोडताच निदान पाच व्होल्टचा दाब त्या थेंबावर येतो. जलद चार्जिंगमध्ये तो अनेकदा याहून बराच जास्त असतो. अलीकडच्या अनेक फोनमध्ये त्या भोकात ओल जाणवली की चार्जिंग थांबते आणि पडद्यावर पाण्याच्या थेंबाचे चिन्ह किंवा इशारा येतो. संदेशाच्या लेखकाने त्यावरही तोड काढली आहे: ‘इशारा आल्यास फोन बंद करून चार्जर लावा, चार्जिंग सुरू होते’. गिरणीचा पट्टा चालू असताना त्यावरचे झाकण काढायला सांगणारा माणूस आणि हा लेखक यांच्यात मला फरक दिसत नाही. मावशीच्या फोनने इशारा दिला होता, आणि संदेशावर विश्वास ठेवून तिने तो याच युक्तीने गप्प केला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हल्लीच्या फोनची बॅटरी काढता येत नाही, त्यामुळे फोन बंद केला तरी बोर्डाचा काही भाग बॅटरीशी जोडलेलाच राहतो. बंद केल्याने धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. म्हणूनच पाणी आत गेल्याची शंका असेल तर फोन वरून सुकण्याची वाट न पाहता जाणकाराकडून शक्य तितक्या लवकर उघडून घ्यावा. तो बॅटरीचा जोड सोडवतो आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. पाणी उडून गेले तरी त्यातले क्षार बोर्डावरच राहतात आणि पुढच्या दमट हवेत पुन्हा ओले होतात, हे सुकवण्याच्या नादात सगळेच विसरतात.

तव्याच्या उपायावर हसावे की चिडावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. भाकरी भाजलेला तवा गॅस बंद केल्यावरही बराच वेळ हात लावण्याजोगा नसतो, हे मावशीसारख्या चाळीस वर्षे चुलीपुढे काढलेल्या बाईला कोणी सांगायला नको. पण छापील अक्षरांसारखे दिसणारे काही समोर आले की माणूस आपला हात पोळल्याचा अनुभवही बाजूला ठेवतो. ॲपल आपला आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायला सांगते. लिथियम-आयन बॅटरीतले दोन ध्रुव एकमेकांपासून वेगळे ठेवणारा पडदा पॉलिथिनसारख्या प्लॅस्टिकचा आणि अत्यंत पातळ असतो; पॉलिथिनचा पडदा साधारण १३० अंशांच्या आसपास वितळू लागतो आणि बॅटरीतला द्रव ज्वलनशील असतो. रुमालाची एक घडी तवा आणि बॅटरी यांच्यामध्ये किती काळ उभी राहील, याचा अंदाज प्रत्येकाने स्वतःच्या स्वयंपाकघरात, परंतु फोनशिवाय, घ्यावा. बॅटरीला काही झाले नाही तरी दुसरे नुकसान ठरलेले आहे. दुरुस्ती करणारे फोनचा पडदा काढण्याआधी त्याच्या कडा मुद्दाम गरम करतात, कारण उष्णतेने त्याखालचा डिंक सैल होतो. हाच डिंक पाण्याला आत येऊ देत नाही. म्हणजे फोन सुकवण्याच्या उत्साहात आपण त्याचे दार उघडतो, आणि हेअर ड्रायरची जोरदार हवा उरलेले पाणी त्या दारातून आणखी आत ढकलते. मावशीकडे हेअर ड्रायर नव्हता, हे तिच्या फोनचे नशीब. तवा मात्र होता.

कापसाच्या काडीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती पाणी टिपते तितकेच आत लोटते आणि पिनांवर तंतू सोडून येते.

आता तांदूळ. या उपायावर लोकांची श्रद्धा इतकी आहे की त्याविरुद्ध बोलणाऱ्याला ‘आमचा फोन तर वाचला होता’ हे उत्तर हमखास मिळते. वाचला असेल. तांदूळ हवेतली ओल थोडीफार शोषतो, हे खरे आहे आणि ते मी नाइलाजाने का होईना मान्य करतो. मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकणाऱ्या पिढ्या काही वेड्या नव्हत्या. पण तांदळात ठेवलेला फोन वाचतो तेव्हा त्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडलेल्या असतात: तो बंद असतो आणि चोवीस तास त्याला कोणी हात लावत नाही. काम या दोन गोष्टींनी केलेले असते, श्रेय मात्र डब्याला मिळते. शिवाय तांदूळ ओल शोषणार ती त्याच्याभोवतीच्या हवेतली. बोर्डावरच्या चिपखाली अडकलेला थेंब ओढून काढण्याची कोणतीही शक्ती त्याच्यात नाही. आणि आषाढात कोकणातल्या घरातला तांदूळ तरी कोरडा कुठे असतो? त्याने आधीच हवेतली ओल घेतलेली असते.

याबाबत कोणाचा तरी अधिकृत शब्द हवा असेल तर तो उपलब्ध आहे. चार्जिंगच्या भोकात ओल असल्याचा इशारा आल्यास काय करावे, यासंबंधी ॲपलने ग्राहकांसाठी दिलेल्या सूचना २०२४ च्या सुरुवातीला जगभर बातमीचा विषय झाल्या, त्या एवढ्याचसाठी की त्यांत आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, तांदळाच्या बारीक कणांनी त्याला इजा होऊ शकते, असे स्पष्ट लिहिले होते. त्याच ठिकाणी बाहेरून उष्णता देऊ नका, दाबाची हवा मारू नका आणि भोकात कापसाची काडी किंवा कागद घालू नका, हेही सांगितले आहे. आमच्या संदेशातले निम्मे उपाय एका परिच्छेदात निकालात निघाले. त्याऐवजी ॲपल जे करायला सांगते ते इतके साधे आहे की त्याचा कोणी व्हायरल संदेश करणार नाही: वायर काढा, भोक खालच्या बाजूला धरून फोन हातावर हलके आपटा, हवा खेळती असलेल्या कोरड्या जागी ठेवा, निदान अर्ध्या तासाने पाहा, आणि पूर्ण सुकायला एक दिवसही लागू शकतो हे लक्षात ठेवा.

ॲपलच्या इशाऱ्यात आपल्याकडच्या तांदळाचा विचार असणे शक्य नाही, म्हणून त्यात थोडी भर घालतो. आमच्या घरात साठवणीच्या तांदळाला बोरिक पावडर लावतात आणि डाळीला एरंडेल. डब्याच्या तळाशी कोंडा आणि पिठी बसलेली असते. तांदळाची पिठी आणि पाणी एकत्र आल्यावर काय होते, हे घरी कपड्यांना खळ केलेल्या कोणालाही विचारावे. ती खळ चार्जिंगच्या भोकात वाळली की काढायला सुई लागते.

स्पीकरच्या आवाजाचा उपाय त्यातल्या त्यात बरा आहे. ॲपलच्या घड्याळात स्पीकरमधले पाणी आवाजाने बाहेर फेकण्याची सोय कंपनीनेच दिलेली आहे, तेव्हा कल्पना निराधार नाही. मात्र त्या आवाजाने जाळीवरचे थेंब उडतात, बोर्डावरचे नाही, आणि तो लावण्यासाठी ओला फोन चालू ठेवावा लागतो. पुढचे सांगायला नको.

आयपी६८ हे अक्षर-अंक अनेकांनी कवचकुंडलांसारखे समजून घेतले आहेत. त्यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यात बुडण्यासाठी असतो. किती खोल आणि किती वेळ, ते कंपनी सांगते. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या मुख्य मॉडेलांसाठी ६ मीटर आणि ३० मिनिटे असा आकडा ॲपल देते, तर सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेसाठी तो दीड मीटर आणि ३० मिनिटे असा असतो. हे सारे नव्या फोनबद्दल, प्रयोगशाळेत आणि गोड्या, स्थिर पाण्यात. फोन दोनदा पडला, एकदा उघडून पडदा बदलला, की त्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही, आणि हे संरक्षण कायमचे नसते असे कंपन्या स्वतःच लिहितात. समुद्राच्या बाबतीत तर वादच नको. सॅमसंगने ऑस्ट्रेलियात पोहण्याच्या तलावात आणि समुद्राच्या पाण्यात फोन वापरणारी माणसे जाहिरातींत दाखवली होती. त्या पाण्याने चार्जिंगचे भोक गंजून फोन बिघडू शकत होते, म्हणून २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याआधी २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने पाण्यापासूनच्या संरक्षणाचे दावे दिशाभूल करणारे आहेत म्हणून ॲपलला १ कोटी युरोचा दंड ठोठावला. गणपतीपुळ्याच्या लाटांत उभे राहून फोन बुडवत व्हिडिओ काढणाऱ्यांनी निदान हे दोन आकडे वाचावेत. फोन समुद्रात पडलाच, तर तो मिठाने भरलेला आहे असे समजून बंद करावा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावा.

राहिला सातवा उपाय, म्हणजे खोटे बोलण्याचा. अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत किंवा आतल्या बाजूला एक बारीक पांढरी खूण असते. तिला पाणी लागले की ती लाल होते. दुरुस्ती करणारा सर्वांत आधी तीच पाहतो. पाण्याने झालेले नुकसान सामान्यतः वॉरंटीत बसत नाही, हे खरे आहे आणि ग्राहकाच्या दृष्टीने चीड आणणारेही आहे, पण भिजल्याचे लपवल्याने वॉरंटी परत येत नाही; उलट दुरुस्ती करणारा बोर्ड धुण्याऐवजी भलतीकडेच दोष शोधत बसतो आणि तेवढ्या वेळात गंज पुढे सरकतो.

मावशीला मी फोनवर एवढेच म्हणालो, “तू खरे ते सांगून टाक.” ती दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या दुकानात गेली आणि काय सांगावे याची मनाशी जुळवाजुळव करत काउंटरपाशी उभी राहिली. दुकानातल्या मुलाने फोन हातात घेतला, चार्जिंगच्या भोकात टॉर्चचा उजेड पाडला, चिमट्याने आतून तांदळाची एक कणी काढली आणि काही न बोलता ती काचेवर तिच्यासमोर ठेवली.