‘एकदम सोपा ट्रेक’

आज सकाळी दादरला कर्जत लोकलची वाट बघणाऱ्या एका घोळक्यात एक मुलगा दिसला. विशीतला असेल. पांढरेशुभ्र स्नीकर्स, जीन्स, बोटाला अडकवलेली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. पाठीवर काहीच नाही. त्यांचा ‘लीडर’ पंचेचाळीस जणांची हजेरी घेत होता. मधेच मोठ्याने म्हणाला, "भीमाशंकर, शिडी घाट. एकदम सोपा ट्रेक आहे. गणेश घाट बोअर होतो. येताना पण शिडीनेच उतरू, वेळ वाचतो." बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. मी पुढे होऊन काही बोलेपर्यंत सगळे डब्यात घुसले होते. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सोपा म्हणजे काय हो? जानेवारीतल्या एखाद्या बुधवारी, सहा सरावलेल्या माणसांना शिडी घाट सोपा वाटेलही. जुलैतल्या रविवारी पंचेचाळीस नवख्यांना घेऊन जाल तेव्हा ती वाट तीच राहत नाही. आपल्याकडच्या प्रसिद्ध वाटांवर माणसं मरतात ती वाट अवघड असते म्हणून कमी आणि ती ‘सोपी’ म्हणून विकली जाते म्हणून जास्त. अलंग-मदन-कुलंगसारख्या अवघड किल्ल्यांवर जाणारा माणूस घाबरूनच जातो, दोर आणि हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा सुरक्षापट्टा) घेऊन जातो. कलावंतीणच्या सुळक्यावर जाणारा मोबाइल चार्ज करून जातो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्जतजवळच्या खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा चढतात. गणेश घाट लांबचा, वळसा घालून जाणारा, पण चढ अंगावर येत नाही. शिडी घाट सरळ कड्याला भिडतो. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि मध्ये कड्याला चिकटून जाणारी आडवी वाट. एका खांद्याला भिंत, दुसऱ्या खांद्याला दरी. वर पदराच्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या, पठारावर दोन्ही वाटा एकत्र येतात आणि पुढचा चढ सगळ्यांना सारखाच. म्हणजे शिडीने जाऊन वाचतो तो फक्त पहिल्या टप्प्यातला वेळ.

आता तो वेळ तरी वाचतो का ते बघा. शिडीवर एका वेळी एकच माणूस हवा. ओली शिडी, नवखा माणूस, म्हणजे माणशी दोन मिनिटं धरा. पंचेचाळीस जणांना दीड तास. पुढचे पुढे सरकत राहतात म्हणून तीन शिड्यांना तिप्पट वेळ लागत नाही, हे मान्य. पण शेवटचा माणूस पहिल्या शिडीखाली दीड तास पावसात उभा राहतो. आणि त्या घाटात आज ही एकच टोळी असेल असं वाटतं का कुणाला? उभं राहून पाय जास्त थकतात. पोटऱ्या थरथरायला लागतात, अंग गार पडतं, आणि नेमकं त्यानंतर शिडीवर पाय टाकायचा असतो. तोवर मागचे ओरडत असतात, "अरे चल ना!" त्या घाईत पाय चुकतो.

हरिहर किल्ल्यावर हेच होतं. कातळात कोरलेला तो उभा जिना एका माणसाच्या रुंदीचा, हात धरायला पायऱ्यांमध्येच खोबणी केलेल्या. ज्यांनी तो घडवला त्यांनी विचार करून घडवला, म्हणून इतकी शतकं टिकलाय. पण रविवारी त्यावर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी असतात. खोबणी एक आणि हात दोन माणसांचे. वरचा घसरला तर एकटा जात नाही, खालच्या चार-पाच जणांना घेऊन जातो. कलावंतीणच्या पायऱ्यांना तर दरीच्या बाजूला काहीच आधार नाही. अशा ठिकाणी उतरताना तोंड कातळाकडे करून, शिडी उतरतात तसं, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले ठेवून उतरायचं असतं. लोक उतरतात दरीकडे तोंड करून, कारण व्हिडिओत तसं छान दिसतं.

त्या पांढऱ्या बुटांकडे परत येते. त्या बुटांचा तळवा सपाट आणि कडक असतो. सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी लाल, मऊ, मातकट पट्टा असतो. पावसाळ्यात पाणी तिथून झिरपतं आणि वरचा दगड पोकळ होतो. दिसायला भक्कम, हात घातला की हातात येतो. म्हणून प्रत्येक दगड आधी थोपटून, हलवून बघायचा, मग भार द्यायचा. शेवाळ हिरवं असेल तर कळतं, पण काळपट ओल्या कातळावरचा बुळबुळीत थर डोळ्यांना दिसतच नाही, पायालाच समजतो. तिथे मऊ रबराचा, खोल खाचांचा तळवा लागतो. महागडे बूट लागत नाहीत, हे मुद्दाम सांगते. गावातली माणसं साध्या रबरी चपलांनी जातात असं कुणी तरी खाली लिहिणारच. जातात. त्यांचे पाय लहानपणापासून त्या वाटेवर आहेत आणि ते सेल्फीसाठी कड्यावर जात नाहीत.

आणि जीन्स! भिजली की जड होते, गुडघ्यात वाकत नाही, वाळत नाही. माथ्यावर वारा सुटला की ओल्या सुती कपड्यांत माणूस जुलैतही कुडकुडतो, बोटं बधिर होतात. बधिर बोटांनी शिडी कशी धरणार? पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा घेरदार रेनकोट, तोही शिडीवर चढण्याआधी काढून पिशवीत टाका. त्याच्या घेरामुळे पाय कुठे पडतोय ते दिसत नाही आणि उतरताना आपणच त्याच्या कडेवर पाय देतो. शिडी आधी हलवून बघा, खालून-वरून बांधलेली आहे ना. पाय आडव्या दांडीच्या मधोमध देऊ नका, कडेला उभ्या पट्टीजवळ द्या. गंजलेली दांडी वाकते ती मधूनच.

अर्धा लिटर पाणी! पावसाळ्यात तहान कळत नाही, घाम पावसात मिसळून जातो. आठ-नऊशे मीटर चढून तेवढंच उतरायचं, तर माणशी किमान तीन लिटर पाणी हवं. ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं, अर्धं अर्ध्या बाटलीत अंदाजाने नाही. पाणी कमी पडलं की मांड्यांना गोळे येतात आणि ते येतात उतरताना. अपघातही बहुतेक उतरतानाच होतात. मांड्या थकलेल्या, गुडघे लुळे, उजेड कमी होत चाललेला आणि मनात परतीची लोकल. त्या मुलाकडे टॉर्च होता का? पाठीवर सॅकच नव्हती, म्हणजे टॉर्च मोबाइलचाच. एका हातात मोबाइल धरला की शिडीला एकच हात उरला.

पाण्याबद्दल बोलायचंच तर धबधब्यांबद्दलही बोलते, कारण यात मला सगळ्यात जास्त राग येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपण सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला, हळहळलो, आणि पुढच्या रविवारी परत धबधब्यांवर रांगा. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसेलही. वर घाटमाथ्यावर कोसळला की लोंढा काही मिनिटांत येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज घोगरा झाला की फोटो, चप्पल, पिशवी सगळं सोडून काठावर चढायचं. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओढा ओलांडायचा नाही. थांबायचं, पाणी उतरू द्यायचं. देवकुंडासारख्या डोहात उडी मारणाऱ्याला वाटतं, मला पोहता येतं. फेसाळ पाण्यात हवा भरलेली असते, ते पाणी माणसाला नेहमीसारखं उचलून धरत नाही. शिवाय कोसळणारा प्रवाह खाली ओढतो आणि वरून दगडही येतात. जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतात, आणि लोक मागच्या वाटेने जाऊन ‘गुप्त धबधबा’ म्हणून रील टाकतात.

पाऊस संपला की धोका संपला असंही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कमरेएवढ्या गवताखाली कड्याची धार झाकलेली असते. डिसेंबरात तेच गवत वाळून मुरमावर पसरतं आणि घसाऱ्यावर पाय ठरत नाही. ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात, त्यांच्या मागे गेलेला माणूस कड्याच्या टोकाशी पोचतो. फेब्रुवारीपासून ऊन. कड्यांना आग्या मोहोळं असतात, आणि त्यांच्याखाली उभं राहून परफ्युम, धूर, शिट्ट्या, घोषणा. मोहोळ उठलं तर हात झटकू नका, डोकं-तोंड कपड्याने झाका आणि तिथून निघा. कड्याच्या दिशेने नाही, आलेल्या वाटेने मागे.

आता आयोजक. सगळे तसे नाहीत, हो. पंधरा जणांमागे दोन जाणकार ठेवणारे, पाऊस वाढला तर पैसे परत करून ट्रेक रद्द करणारे लोक आहेत. पण आजचा तो ‘लीडर’? पंचेचाळिसांमागे तो एकटा दिसत होता. खांद्याला नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं, हार्डवेअरच्या दुकानात मिळते तसली. ही दोरी बांधून सगळ्यांनी हाताने धरायची म्हणजे सुरक्षा, असा समज आहे. एक जण घसरला की दोरी हिसकते आणि तिला धरलेल्या बाकीच्यांचा तोल जातो. कमरेला हार्नेस नाही, डोक्यावर हेल्मेट नाही, दोर बांधायला दोन स्वतंत्र ठिकाणी पक्का अँकर, म्हणजे आधार, नाही, तर ती दोरी फक्त धीर देते आणि नको तिथे देते. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. नोंदणी करा, प्रशिक्षित माणसं ठेवा, हे त्यात आहे. पैसे भरण्याआधी किती जणांनी विचारलंय, की नोंदणी आहे का, किती जण येणार, किती वाजता मागे फिरणार? उत्तर ‘चिल’ असेल तर जाऊ नका.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या मुलाचं काय चुकलं? आठवडाभर गर्दीत लोंबकळून एका रविवारी त्याला डोंगर बघावासा वाटला. चांगलंच आहे की. त्याला कुणी सांगितलंच नाही. आपण सांगायला हवं होतं, आपण जे वर्षानुवर्षं जातोय. आपणच कड्यावर पाय सोडून बसलेले फोटो टाकले, खाली लिहिलं ‘सोपा आहे रे, कुणीही जाईल’. मीही असं लिहिलेलं आहे. आज शोधून काढून टाकते.

कुणी पडलं की खालच्या वाडीतली माणसं आधी धावतात. शेतात लावणी सुरू असते, ती टाकून. मग लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, अशा संस्थांमधली नोकरी-धंदा करणारी माणसं रात्री-अपरात्री येतात. स्ट्रेचरला एका वेळी सहा-आठ जण लागतात आणि दर थोड्या अंतराने खांदे बदलावे लागतात. जी वाट उतरायला दोन तास, ती स्ट्रेचरसह सहा-सात तास. तेही त्याच निसरड्या कातळावरून. तेव्हा अपघात झालाच तर पाठीला-मानेला मार लागलेल्याला उगाच हलवू नका, एकाने जवळ थांबा, दोघांनी मिळून रेंज मिळेल तिथे जा, ११२ किंवा १०८ लावा आणि नेमकं सांगा: कुठल्या गावाहून, कुठल्या वाटेने, किती वर.

आत्ता साडेनऊ झालेत. ती मंडळी कर्जतहून टमटमने खांडसच्या वाटेवर असतील. कुणाचं पोरगं, भाचा, ऑफिसातलं कुणी आज भीमाशंकरला गेलं असेल तर आत्ताच फोन लावा, पुढे रेंज जाईल. शिडी घाट नको म्हणावं. आणि चढून गेलेच असतील, तर उतरताना गणेश घाटाने उतरा म्हणावं, लोकल चुकली तरी चालेल.