सडेफटिंग पाच, बाई अर्धी

पुण्यातल्या एकट्या पोरांवर विनोदी चित्रपट काढताय? उत्तम. पण हल्ली सगळ्यांना ‘प्रतिनिधित्व’ हवं असतं, तेव्हा पोरं पाच घ्या. चारात एखादा विभाग रुसतो आणि सहा पोस्टरवर मावत नाहीत.

पाचही सदाशिव पेठेत, एकाच खोलीत, कॉट बेसिसवर. नायक कोथरूडचा. घर रिक्षाच्या टप्प्यात असताना तो कॉटवर का झोपतो, हे कुणी विचारत नाही. बाकीचे एमपीएससीवाले: एक लातूरचा, एक अकोल्याचा, एक कोल्हापूरचा आणि एक ‘तिकडचा’.

भाषेवर खर्च करू नका. लातूरचा ‘काय करायलास’ म्हणतो, अकोल्याचा ‘काय करून रायला’. अकोल्याकडे डोळ्याचा डोया होतो, लातुरात होत नाही. हे बसवायला जाणता माणूस आणि तालमीचे आठवडे लागतात. त्यापेक्षा दोघांनाही ‘पानी’ म्हणायला लावा आणि संकलकाला पुढे दोन सेकंद हशासाठी मोकळी सोडायला सांगा. अकोल्याच्या थिएटरात त्या दोन सेकंदांत लोक मोबाइल बघतील. बघू देत.

आडनावांचं काम नाजूक. नायकाला दारावरच्या पाटीसकट पूर्ण नाव द्या. ‘तिकडच्या’ला नुसतं पाळण्यातलं. आडनाव आलं की प्रेक्षक जात हुडकणार, मग खोली देताना मालक आधी आडनाव का विचारतो, हा प्रसंग लिहावा लागणार. तो विनोदी करायला लेखक बरा लागतो. ‘फक्त शाकाहारी’ची पाटी मात्र घ्या. मेसचा खाडा, चोरून केलेली भुर्जी, वास मारायला उदबत्ती: दहा मिनिटं बसल्या जागी निघतात.

आता बाया. चित्रपटात बायकांना कितपत जागा आहे हे बघणारी, एका व्यंगचित्रमालिकेतल्या 1985 च्या भागातून आलेली बेख्डेल चाचणी आहे: दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि विषय पुरुष नको. स्वस्तात होतं. घरमालकीण विचारते, ‘पाणी कधी जाणार?’ कामवाल्या मावशी म्हणतात, ‘नवाला.’ झालात पास. फक्त मालकिणीने ‘पोरांच्या आंघोळी झाल्या का?’ असं जोडू नये, नाहीतर नापास. नायिकेला स्कूटर द्या, जोडप्यांचा झेड ब्रिज द्या, नोकरी देऊ नका. नोकरी दिली की ती कामावर जाते आणि दुपारचे प्रसंग रिकामे राहतात.

उरलं एकटेपणाचं कारण. इथे सांभाळा, कारण खरं कारण हाताशी पडलेलं आहे. 2011 च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या, आणि सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलग्यांमागे 894 मुली. त्यातली मोठी पोरं आता कॉटवर पोचू लागली आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी. तुम्ही घोडा घ्या, बाशिंग घ्या, बँड तर घ्याच. निवेदन कापा. चौघांची लग्नं लाजाळूपणामुळे अडली आहेत असं दाखवा. पाचवा नायकच असल्यामुळे त्याचं जमतं.

खास खेळानंतर एखादी बाई उठून विचारेलच, यात आम्ही कुठे आहोत? पाण्याच्या प्रसंगाचं नेमकं मिनिट पाठ करून ठेवा. ते सांगा, आणि माइक मागच्या रांगेतल्या एखाद्या दादाकडे सरकवा.