इंजिन बंद पडलं म्हणे!

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आलाय. नाक जमिनीला टेकलेल्या छोट्या विमानाचा फोटो, खाली मजकूर: ‘लँडिंगला इंजिन बंद पडतं आणि ही विमानं दगडासारखी खाली येतात. त्यात कोल्हापूरची धावपट्टी आखूड.’

धावपट्टीचं पटकन उरकतो. उजळाईवाडीची, म्हणजे आपल्या कोल्हापूर विमानतळाची, पट्टी वाढवण्याआधीही १३७० मीटर होती. सेस्ना १७२ सारख्या चार जणांच्या विमानाला उतरून थांबायला चारेकशे मीटर पुरतात. आपण समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंच, हवा विरळ, म्हणून थोडे जास्त धरा. तरी निम्म्याहून अधिक पट्टी उरते.

आता इंजिन. ते बंद पडलं तरी हेच विमान हजार फुटांवरून अडीच किलोमीटर तरंगत जातं. आणि टेकायच्या आधी पायलट स्वतःच इंजिनाचा जोर काढून घेतो, ती रीतच आहे.

मग नाक कसं घासतं? बहुतेकदा जास्तीच्या वेगानं. रंकाळ्यावर बगळा उतरताना बघा: वाऱ्याकडे तोंड, शेवटच्या हातभरात पंख उभे करून वेग मारतो, मग पाय टेकतो. विमानाचंही तसंच, त्याला फ्लेअर म्हणतात. सेस्नानं साधारण ६५ नॉटनं यायचं, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. ७५ नं आलं तर पंखांना अजून उडायचंच असतं. तरी रेटून टेकवलं की विमान उसळतं. पायलट घाबरून नाक दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं, पुन्हा उसळी, आधीपेक्षा मोठी. भार सोसायची ती मागची दोन चाकं. पुढचं बिचारं मोडतं आणि नाकावरचा फिरता पंखा, म्हणजे प्रोपेलर, डांबर खरवडतो. पहिल्या उसळीलाच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे करून परत वर जायचं असतं. मेसेज ज्याला शिव्या घालतोय ते इंजिनच इथं वाचवतं.

वाराही आहेच. आपली पट्टी जवळपास पूर्व-पश्चिम, त्यामुळे पावसाळी वारा बराचसा समोरून मिळतो. पण वळवाचा? शेडचे पत्रे वाजायला लागेपर्यंत त्यानं दिशा बदललेली असते, आणि आडव्या झोतात विमान पट्टीवरून सरकतं.

जिवावर बेततं ते मात्र पट्टीसमोर येतानाच्या शेवटच्या वळणावर. वळण चुकलं म्हणून पायलट विमान जास्त कलवतो, नाक वर ओढतो. ४५ अंश कलून उंची राखायला गेलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो, १९ टक्क्यांनी वाढतो. वेग आधीच कमी, पंखांची पकड सुटते, आणि सावरायला उंची नसते. ‘दगडासारखं’ हा शब्द लागू पडतो तो इथं. आणि इंजिन तेव्हा व्यवस्थित चालू असू शकतं.